काड्यांच्या बाई

आमच्या शाळेत तिला सगळे काड्यांच्या बाई म्हणत. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून, त्यांना रबर लावून ती वजाबाकी शिकवायची. बावन्नातून सतरा काढायचे, तर दोनातून सात जात नाहीत. मग मुलानं स्वतःच्या हातानं एक गठ्ठा सोडायचा. गणिताचं पुस्तक बघून पोटात दुखणारी पोरं रबर निघाला की खुदकन हसत. मोठे सर म्हणायचे, "बाईंना काड्या करायची सवयच आहे." स्टाफरूम हसायची. मीही हसलेय.

मी शेजारच्या वर्गावर. बावीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे, आणि सांगताना लाजही वाटते.

तिचा वाचनाचा वर्ग मोडक्या बाकांच्या खोलीत भरायचा. वाचता न येणारी चौदा मुलं शाळाभरातून गोळा करून तिच्या गळ्यात मारली होती. रोज दोन तास. तिच्या वहीत प्रत्येक मुलापुढे त्याची पायरी असे: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. ती नेहमी पेन्सिलीनं लिहिलेली. "पोर पुढं सरकलं की खोडायचं, सोपं," असं म्हणायची. खोडून खोडून पानांना भोकं पडली होती, आणि ती भोकं ती मला कौतुकानं दाखवायची.

मग वरून फॉर्म आला. सगळ्यांची प्रगती दिसली नाही, तर असे वर्ग बंद करणार म्हणे. नऊ जण गोष्ट वाचून आपापल्या वर्गात परतले होते. पाच जण शब्दांवर अडकलेले. त्यांतली एक माझ्याच वर्गातली, चिमणी म्हणायचे तिला, कारण आवाज ओठांबाहेर यायचाच नाही. आधी ती स्वतःचं नावसुद्धा चित्रासारखं काढायची. आता 'दगड', 'पाऊस' असं बोट ठेवून वाचू लागली होती.

"अजून सहा महिने मिळाले ना, तर ही पाचही वाचतील बघ," बाई म्हणाली.

अक्कल मी शिकवली. "अगं, चौदाही जणांपुढे सरळ 'गोष्ट' लिही. कोण बघायला येतंय? वर्ग तर टिकेल."

आयुष्यात खोटा शेरा न मारलेल्या त्या बाईनं फॉर्म पेनानं भरला. अडकलेल्या पाचांतल्या शेवटच्या नावाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होते. "लिही गं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी दारातल्या फळ्यावर 'शंभर टक्के' लिहून घेतलं, रंगीत खडूनं.

पंधरा दिवसांनी शिपाई कागद देऊन गेला. मी तिच्या खोलीत खडू मागायला गेले होते. तिनं कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मला वाटलं, घरचं कुणी गेलं. हातातून कागद खाली पडला. चिमणीनं तो उचलला आणि कुणी न सांगता बोट ठेवून वाचायला लागली.

"वाच-ना-त मागे अस-लेले वि... विद्-या-र्थी शून्य. म्हणून हा व-र्ग बंद."

त्या पोरीनं वाचलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाईनं तिला शाळाभर मिरवलं असतं.

चिमणीनं मागं वळून बाकांवरची डोकी मोजली, स्वतःला धरून.

"शून्य कसं, बाई? आम्ही पाच आहोत ना. त्यांचं चुकलंय." आणि तिनं दप्तरातून खोडरबर काढून बाईपुढे धरला.

बाईनं तो घेतला, मुठीत दाबला. "त्यांचं नाही, बाळा, माझं चुकलंय," म्हणाली. "आणि ते पेनानं लिहिलंय."

खरं तर चूक माझी होती. मी खडू घेतला आणि माझ्या वर्गावर परतले.

बाईची बदली शिक्षण खात्याच्या कार्यालयात झाली. इतर शाळांतून आलेले शंभर टक्क्यांचे फॉर्म ती तिथं एकावर एक लावते. चिमणी पूर्ण वेळ माझ्या वर्गात आली, शेवटच्या बाकावर. साठ पोरांत तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. पुस्तक उघडून, एका शब्दावर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत बसते. कागदावर तिला वाचता येतं. मी पुढचा धडा सुरू करते.