मिक्सर माळ्यावर, शहाळी अंगणात

माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, मुंबईला पेसमेकर बसवला तेव्हा रत्नागिरीत आमच्या आळीत तसलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांची मूत्रपिंडंही निकामी होत आलेली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "पाणी बेतानं, मीठ कमी, फळं विचारून." आणि जाता जाता, "छातीजवळ चुंबक, विजेची मोटार नको." मी बावळटाने तेवढं शेवटचंच पक्कं धरलं.

घरी आल्याआल्या मिक्सर माळ्यावर टाकला. रेडिओतही चुंबक असतो म्हणून तो पडवीत हलवला. पाट्यावर चटणी वाटून हाताला फोड आले, पण ऐट काय विचारता! जणू मामंजींचं हृदय मीच चालवत होते.

"सूनबाई, यंत्र माझ्या छातीत बसवलंय, तुझ्या डोक्यात नाही. रेडिओ आण," मामंजी म्हणायचे. मी आणला नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणायचा. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जाईल? शहाळं पाण्यात धरायचं की फळात, हा प्रश्न आमच्यात कुणालाच पडला नाही. मामंजी रोज पीत होते.

एका सकाळी त्यांचे पाय गळाले, नाडी मंदावली, हाकेला ओ देईनात. आमचे हे आळीतल्या डॉक्टरांना आणायला धावले. मी शेजारी धावले.

"काकू, मिक्सर बंद करा! मामंजींचं यंत्र बंद पडतंय!"

"अगो, तो गणपतीपासून बिघडलाय. मी नारळ खवत्ये."

डॉक्टरांनी नाडी पाहिली. मग अंगणातला शहाळ्यांचा ढीग पाहिला. "ही कोण पितं?"

"मामंजी," मी अभिमानाने म्हटलं.

"शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. रक्तात साठलं की यंत्र हाका मारतं, पण हृदय ऐकत नाही. उचला, आधी इस्पितळात!"

तिथे शिरेतून औषधं गेली. दुपारी नाडी सुधारली. मामंजींनी डोळे उघडून सगळ्यात आधी रेडिओ मागितला. तो उशाशी आला, आणि पुढे ते होते तोवर तिथेच राहिला.

भेटायला येणाऱ्यांना मात्र शहाळं अपायकारक असतं हे काही पटेना. मग मी शहाळी दारातच ठेवून घ्यायचे आणि स्वयंपाकघरात बसून प्यायचे. चांगली टुणटुणीत झाले.

"सासरा बघा कसा वाळलाय," बायका अंगणात कुजबुजायच्या, "आणि सून बघा!"