पंख्याचा हिसका

आमचं अर्धं वावर धरनात गेलं, अर्धं पल्याड राह्यलं. घर अल्याड, कपाशी पल्याड, मंधात पानी. गाडीवाटेनं जाचं म्हनलं तं टेकडीले येढा घालून सकायी निंगालेला मानूस दिवे लागाच्या टाइमाले पोचे. तिकडचा नाला भरला का थेही वाट बंद. म्हून सारेजन डोंग्यानं जात.

डोंगेवाला आमच्याच गावचा. डोंगा पत्र्याचा, मांगं इंजिन टांगेल, अन् इंजिनाच्या बुडाले पान्यात फिरनारा तीन पात्याचा पंखा. नुसते मानसं बसले तं डोंगा चांगला पये. पन मांगं डरमाचा तराफा बांधला, त्याच्यावर खताचे पोते नाईतं कापसाचे गाठोडे टाकले, का इंजिन घुरघुर करे, काया धूर सोडे अन् जागचं हाले नाई. लय टाइमानं मंग तराफा कसाबसा निंघे. मानसं शिव्या देत. डोंगेवाला इंजिनाले शिव्या दे.

मी नाई दिली कधी. थे हयू निंघनं बैलाइले बरं व्हतं.

आमचे दोन बैल, एक काया अन् एक पांढरा. पल्याड न्याचे असले का त्याइले तराफ्याच्या बाजूनं पान्यात घालत अन् कासरे तराफ्यावरच्या मानसाच्या हातात. बैलाचे पाय पयले चिखलात रुतेल असते. तराफा हयूहयू सरकला का एकएक पाय सुटते, मंग पोट उचलते, मंग बैल नाक वर करून फुसफुस करत पवते. थेवढा टाइम त्याले लागतेच. दर साली आमचे बैल असेच जात. कासरा हातात ढिला राहे. बैल पवते, ओढा लागत नाई.

काया माह्या हातचा. त्याची माय मेली तवा म्या त्याले वाटीनं दूध पाजलं व्हतं. मोठा झाला तरी माह्या मानेचा घाम चाटे. बस, थेवढंच.

तवा बीटीची कपाशी नवी नवी आलती. पाकिटावर बोंडं असे काढेल, का जसे नारयं. दुकानवाला म्हने, याले अयी लागत नाई. आमी एकएक बी हातानं टोबलं, बैल लागलेच नाई. अयीचं मंग पाहू, पन गवताले कोन सांगेल व्हतं का ही बीटी हाय म्हून? खत देल्लं का पयले गवतच खाये. कपाशी बोटाएवढी अन् गवत गुडघ्याले आलं. आता गवत काढाले डवरा चालवा लागे, अन् डवऱ्याले बैल पाह्यजेच व्हते. आठ रोजात डवरलं नाई तं वावर गेलं, असा हिशोब.

खत आनाले मी मलकापुराले चालली व्हती. डोंगेवाल्यानं पंखा खोलून माह्या पोत्यात टाकला. म्हने, "वहिनी, एवढा मिस्त्रीकडं नेऊन द्या. याले ओढाले ताकद पाह्यजे म्हना. मले डोंगा सोडून येता येत नाई, वल्ह्यानं का होईना मानसं न्या लागते."

यष्टीत पोतं मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं चापलून पाह्यलं.

"काय हाय व बाई याच्यात?"

"पंखा हाय."

"पंखा घेऊन बसली अन् घामानं निथयून राह्यली? लाव ना मंग!"

सारी गाडी हासली. मीही हासली.

मिस्त्री जिनिंगच्या मांगच्या गल्लीत बसे. मुसलमान मानूस, दाढी लाल. पंखा हातात घेऊन त्यानं एका डोयानं पात्याच्या मुरडीकडं पाह्यलं.

"भाभी, ये भागने का पंखा है. खींचने का नहीं."

"मंग खींचने का करून द्या ना," म्या म्हनलं.

तो म्हने, याच्या पात्याले मुरड लय हाय. एका फेऱ्यात लय पानी घेते. रिकाम्या डोंग्याले थे चालते, पन मांगं वजन असलं का इंजिनाले झेपत नाई. "बड़ा निवाला लेता है, गले में अटकता है. इसको छोटा निवाला देंगे, जल्दी जल्दी खाएगा."

मंग त्यानं एकएक पातं लाकडाच्या ठोकयावर ठेवून, हातोडीनं हयू हयू ठोकून मुरड कमी केली. टोकं कानशीनं घासले. तिन्ही पाते सारखे झाले का नाई थे पाहाले पंखा एका सयीवर फिरवून पाहे, परत घासे. चांदीसारखी भुकटी खाली पडत व्हती. मी जवसाच्या चटनीसंगं भाकर खाल्ली तठीच बसून.

पोत्यात टाकता टाकता तो म्हने, "उसको बोलना, अब ये उठते ही झटका मारेगा. मूठ एकदम नहीं खोलना. आहिस्ता."

म्या काठावर येऊन जसंच्या तसं सांगतलं. डोंगेवाला पंखा बसवून राह्यला व्हता. माहा मालक बाजूले बिडी पेत उभा.

"इंजिनाची मूठ हयू पियजा म्हने, एकदम फिरवू नोका. सुरूले हिसका मारते म्हने."

डोंगेवाला माह्या मालकाकडं पाहून हासला. "घे बे! आता वहिनी मले इंजिन चालोनं शिकोतील."

"एक दिवस मलकापुराले का गेली, मिस्त्रीन झाली," माहा मालक म्हनला. "जाय, भाकरी टाक."

दुसऱ्या दिवशी सकायी आमी निंगालो. नाला भरेल व्हता, गाडीवाट बंद. तराफ्यावर खत, डवरा, अन् मी. बैल दोहीकडं पान्यात, पोटापर्यंत. म्या कासरे हातात घेतले. माह्या मालकानं हिसकून घेतले.

"तुह्या हातून सुटले तं? बैल पान्यात कोनीकडं जातीन?"

"हातातच धरा लागते जी. बांधू नोका."

"बाईच्या हाती बैल द्याचा दिवस अजून आला नाई." अन् त्यानं दोन्ही कासरे डरमाच्या कडीले बांधले. गाठीवर गाठ मारली. मंग पुढं डोंग्यात जाऊन बसला.

काठावर पाच-सहा मानसं नवा पंखा पाहाले जमेल व्हते. डोंगेवाल्यानं त्याइच्याकडं पाहून हात वर केला. "पाहा बे आता हिसका!"

अन् त्यानं मूठ पुरी पियली.

इंजिन घुरघुरलंच नाई. एकदम किंचायलं. डोंगा उडाला, मंधातला दोर तानला, अन् तराफ्यानं अशी उडी घेतली का मी पोत्यावर पालथी पडली. बैलाचे पाय अजून चिखलातच व्हते. पांढरा उंच, त्यानं उडी मारली. काया पुढच्या गुडघ्यावर पडला, अन् पडला तसाच ओढत निंगाला. त्याचं तोंड पान्याखाली गेलं. काठावरचे मानसं टाया वाजवत व्हते. त्याइले वाटलं, तराफा काय मस्त पयून राह्यला.

म्या वरडली. इंजिनाच्या आवाजात माहा आवाज मलेच आयकू येत नव्हता. पांढऱ्याची गाठ हाताले आली, थे सोडली. तो फिरून काठाले गेला. कायाच्या कासऱ्याले वजन लागेल, गाठ भिजून गोटा झालती. दातानं ओढली. हिरडीतून रक्त आलं, गाठ नाई सुटली. कासरा कापाले इया व्हता, पन तो खताच्या पोत्याखाली दबेल. पोतं हालवलं, हालत नव्हतं.

कायाचं डोकं एकडाव वर आलं. त्यानं माह्याकडं पाह्यलं असं मी म्हनत नाई. डोये उघडे व्हते, बस. मंग परत खाली गेलं.

म्या उभी राहून दोन्ही हात हालवले. माह्या मालकानं मांगं पाह्यलं. त्यानंही हात वर करून हालवला. त्याले वाटलं, बायको खुश हाय.

पल्याडच्या काठाले लागलो तवा त्याइले समजलं. काया आडवा, पोट फुगेल, नाकात फेस. डोंगेवाल्यानं त्याले पायानं लोटून पाह्यलं. डोकं खाजवलं.

"पन ओढला ना गड्या!" तो म्हने. "पंखा पास झाला."

माह्या मालकानं मले मारलं. थोबाडात मारलं, मंग पाठीत मारलं. "तुह्यापाशी व्हता! तू बाजूले बसेल व्हती!" डोंगेवाल्याले त्यानं बोट लावलं नाई. खत त्याच्याच डोंग्यानं आनाचं, कापूस त्याच्याच डोंग्यानं न्याचा. मले मारलं तरी मी सकायी तठीच असनार व्हती. म्या डोयाले पानी आनलं नाई. हिरडी दुखत व्हती, थुकत राह्यली.

गाडाले खड्डा कोन खंदनार? डोंगेवाला म्हने, मंधात नेऊन सोडतो, वास येनार नाई. त्यानं कायाले डोंग्याच्या मांगं बांधलं. मूठ पियली. मेलेला बैल लय चांगला ओढल्या गेला. मंधात त्यानं दोर कापला नाई, वाकून सोडून घेतला. नवा दोर व्हता.

नाला उतराले चार रोज लागले. मंग माहा मालक पांढऱ्याले गाडीवाटेनं घेऊन आला. गवत मांडीले आलतं. कपाशी शोधून काढा लागे. गावात बैल मांगून पाह्यला, पन डवऱ्याच्या दिवसात कोन देते? ज्याचं त्याचं वावर व्हतं.

एका बैलानं आमचा डवरा चालत नाई. माहा मालक जुवाकडं पाहे अन् माह्याकडं पाहे. मंग त्यानं जुवाच्या दुसऱ्या टोकाले लुगड्याची पट्टी गुंडायली, म्हंजे खांद्याले घासू नाई.

"चाल व," तो म्हने.

मी कायाच्या जाग्यावर उभी राह्यली. पांढऱ्यानं मले हुंगलं, अन् पुढं पाय टाकला. बैलाचा पाय अन् मानसाचा पाय सारखा पडत नाई. तो चाले तवा मी ओढल्या जाऊ, मंग मी नेट लावू तवा डवरा उडे, अन् त्याची लोखंडी पास कपाशीच्या बुडात घुसे. दोन झाडं गेले. तिसरं गेलं.

मांगून माहा मालक वरडला, "हयू ना व! हिसका काऊन देतं? मूय तुटते!"

मी थांबली. पांढराही थांबला. मांगं वयून म्या म्हनलं, "हेच तवा डोंगेवाल्याले सांगतलं असतं."

पान्यावरून इंजिनाचा किंचायन्याचा आवाज येत व्हता, कोनाचं तरी खत चाललं असन.

मंग तो म्हने, "चाल."

मी चालली. त्या साली सारं वावर आमी दोघायनं डवरलं, मी अन् पांढऱ्यानं.