मायनर, हेरल्ड आणि आमची मावशी

मुलगा मला दर शुक्रवारी फोन करतो, असं मी ऑफिसात सांगायचो. खरं म्हणजे फोन मी करायचो आणि तो उचलायचा. तो बर्मिंगहॅमला नोकरीला, मी इथे बहारीनमध्ये, मुहर्रकला, विमानतळाच्या कार्गोत. बायको गेल्यापासून आम्हा बापलेकांत बोलायला विषयच उरला नव्हता. ती होती तेव्हा फोन तिच्या कानाला असायचा आणि मी मागून ओरडायचो, "थंडीचे कपडे आहेत का विचार!" आता मलाच विचारावं लागे. "जेवलास?" "येस बाबा." "थंडी आहे?" "अ बिट." मग दुसरा कधी फोन ठेवतोय याची दोघंही वाट बघायचो. ठेवायचा नेहमी तोच. मला ते फार लागायचं. आख्खा आठवडा त्या एका फोनच्या आशेवर ढकलायचा आणि चहा गार व्हायच्या आत सगळं खलास.

हा फोन मी घरातून करत नसे. रिकाम्या फ्लॅटमध्ये आपलाच आवाज घुमतो, तो मला ऐकवत नाही. खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीत एसी लावून बसायचो. गाडी जपानी, पांढरी, सेकंडहँड घेतलेली. तिचं नाव मावशी. हो, गाडीचंच. गाडी आली त्या दसऱ्याला बायकोनं बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं, मनामाच्या बाजारातून आणलेला झेंडूचा हार घातला आणि जाहीर केलं, "ही मावशी." तिची थोरली बहीण चिपळूणला असते, तोंडानं भारी फटकळ. गाडीही सकाळी सुरू होताना कुरकुर करायची. मला वाटलं, त्यावरूनच ठेवलं असणार. मी मेहुणीला मुद्दाम फोन करून चिडवलंसुद्धा. बायको तेव्हा नुसती हसली होती.

गेल्या थंडीत बुदैयाकडे ताजी भाजी आणायला गेलो होतो. हायवेच्या कडेला एक पिटुकली, गोलमटोल गाडी बॉनेट उघडून उभी, आणि शेजारी एक बहारीनी म्हातारा तिच्यावर डाफरतोय. मी गाडीतला पाण्याचा कॅन दिला. बदल्यात त्यानं मला कहवा प्यायला घरी नेलं. अंगणातल्या शेडखाली अशाच आणखी जुन्या इंग्लिश गाड्या होत्या, एकही माझ्या खांद्याच्या वर नाही. म्हाताऱ्याला ऐकणारं माणूस हवं होतं, हे मी लगेच ओळखलं. असली भूक मला लांबूनही कळते. हिंदीत अरबी कालवून तो एकेका गाडीची कुंडली मांडायला लागला. रस्त्यात रुसलेली होती ती मायनर. तिचं नाव आधी मॉस्किटो ठरलं होतं म्हणे, डास! आणि कंपनीच्या मालकाला ती इतकी नावडली की ही उकळत्या पाण्यात फोडलेल्या अंड्यासारखी दिसते, असं तो म्हणाला.

त्या शुक्रवारी "अ बिट" झालं, आणि बोलायला काही नाही म्हणून मी डासाची गोष्ट सांगितली. पलीकडून आवाज आला, "वेट. मॉस्किटो? बट व्हाय?"

व्हाय! पोरानं मला शाळेनंतर काही विचारल्याचं आठवत नव्हतं.

मग मी त्याच धंद्याला लागलो. शुक्रवारी सकाळी बुदैया, दुपारी फोन. एका भेटीत एकच नाव घ्यायचं, हा माझा नियम. म्हातारा रंगात येऊन दुसऱ्या गाडीकडे वळला की मी "इंशाल्ला, अगली बार" म्हणून उठायचो. त्याला वाटायचं, मी कंटाळलो. मी साठा पुरवून वापरत होतो, हे त्याला कसं सांगणार?

सेव्हन नावाची गाडी होती. कर बसवायला इंजिनाची ताकद मोजायचे, त्या हिशेबात ती सातात बसली म्हणून सेव्हन. "म्हणजे बारसं कारकुनानं केलं," मी म्हटलं. मिनी तर दोन वेगवेगळ्या नावांनी बाजारात आली. लोकांनी दोन्ही बाजूला सारून तिला मिनीच म्हटलं. डेव्हन आणि सॉमरसेट हे चक्क इंग्लंडातले जिल्हे. "मग आपण खेड नावाची गाडी काढू, आणि मोठी हवी असेल त्याला रायगड," म्हटल्यावर पोरगा खळखळून हसला. इम्प म्हणजे खोडकर छोटंसं भूत. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून भूत पळवतो आणि ही मंडळी भुताचंच नाव देऊन मोकळी! सगळ्यात जास्त वेळ चालला तो हेरल्डचा फोन. कंपनीच्या बड्या साहेबाची एक होडी होती, तिचं नाव हेरल्ड. तेच त्यानं गाडीला दिलं, असं सांगतात. तिथून आम्ही आमच्या गावच्या बंदरावरच्या होड्यांवर आलो, होड्यांवरून माझ्या वडिलांवर, आणि पहिल्यांदाच फोन कुणी आधी ठेवला ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

आणि मग म्हाताऱ्याची शेड संपली. "खलास," म्हणून त्यानं हात झटकले आणि हसला. परत "जेवलास?" वर येणं माझ्या जिवावर आलं होतं.

त्या दुपारी मावशीत बसून फोन लावला आणि खरं तेच सांगून टाकलं, "आज काही नाही रे. गाड्या संपल्या."

"मग मावशीचं सांगा ना. व्हाय मावशी?"

सुटलो, असं मला वाटलं. ही गोष्ट तर आपली पाठ. मी चिपळूणची फटकळ मेहुणी, सकाळची कुरकुर, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो हसला नाही.

"नो बाबा. दॅट्स नॉट इट. यू रिअली डोन्ट नो?"

मग त्यानं सांगितलं. तो इथल्या शाळेत लहान वर्गात होता. आई शाळा सुटायच्या खूप आधी येऊन गाडीत बसायची. फाटकातून त्याला दिसायचं, आई एकटीच बोलतेय, हातवारे करतेय. त्याला वाटायचं, फोनवर असेल. पण दार उघडलं तर फोन पर्समध्ये. एकदा त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशीशी बोलत होते. इथे मला बहीण नाही ना, मग हिलाच केली."

"शी सेड, डोन्ट टेल बाबा," तो म्हणाला. आणि पुढचं त्यानं मराठीत म्हटलं, अगदी तिच्या हेलात, "उगाच मनाला लावून घेतील."

परक्या देशातल्या एवढ्या गाड्यांच्या नावांची मी मुळं काढत बसलो होतो, आणि जिच्यात बसून ती काढली तिच्या नावाचा मला पत्ता नव्हता. बायको इतकी एकटी होती याचाही नव्हता.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे."

"गाडीतच?"

"हो."

त्यानं फोन ठेवला नाही. मागे त्याच्या ऑफिसच्या किचनमध्ये नळ वाहत होता. शेवटी त्याला कुणीतरी हाक मारली. तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी मी लावतो. तुम्ही नका लावू."

फोन बंद झाल्यावर मी बसून राहिलो. एसीचा गार झोत गुडघ्यांवर येत होता. तिनं या गाडीला काय काय सांगितलं असेल? माझ्या शिफ्टबद्दल, तिच्या आईच्या आठवणीबद्दल, ज्या पोटदुखीत ती गेली ती सुरू झाली तेव्हा आधी हिलाच? ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

मी डॅशबोर्डवर हात ठेवला. आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मावशी, जरा ऐकतेस का गं?"