देवाच्या वाट्याचा तांदूळ

आमच्या गावच्या मेथडिस्ट चर्चचा इतिहास सांगताना मंडळी गोऱ्या मिशनरी मिस साहेबांपासून सुरुवात करतात. मिस साहेब स्वातंत्र्यानंतर लवकरच मायदेशी गेल्या, त्यांच्या बंगल्याला कुलूप लागलं आणि चर्च आपल्या माणसांच्या हाती आलं. आपल्या माणसांनी काय केलं ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमच्यात रीत होती. घरच्या बाईनं भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढायचा, आणि आठवड्याचा साठलेला तांदूळ रविवारी गाणं चालू असताना वेदीपुढच्या टोपलीत ओतायचा. सगळ्या घरांचा तांदूळ तिथं एक व्हायचा. मग ती टोपली चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या घरी जायची. पहिला तांदूळ माझी आई ओतायची. ती दरेकशाच्या जंगलापर्यंत पायी फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची, त्यामुळे हा मान तिला आपोआप मिळाला होता.

मग तिच्या उजव्या हातावर पांढरा डाग उठला. तो पसरायला लागला तशी बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. एका रविवारी पाळकीणबाईंनी तिला चर्चच्या दारातच अडवलं. आवाज गोड ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या हातचा तांदूळ आमी लेकरायच्या पोटात कसा घालाचा?" आईनं आणलेला तांदूळ अंगणात त्यांच्या कोंबड्यांपुढे टाकला गेला. याच मंडळीतल्या कितीकांच्या आजा-आजींना गावानं विहिरीवर चढू दिलं नव्हतं. पण पोट भरलं की माणूस असलं सगळं विसरतो.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांना त्या वर्षी चर्चचे कारभारी व्हायचं होतं. त्यांनी आईला थोडं दमानं घ्यायला सांगितलं, आणि स्वतः पुढच्या बाकावर बसत राहिले.

आई हट्टाची. आपला तांदूळ सगळ्यांच्या तांदळात पडावा, एवढंच तिला हवं होतं. ती एकटीच गोंदियाला जाऊन डॉक्टरला भेटली. महारोग नाही, साधं कोड आहे, याचा कुणाला संसर्ग होत नाही, असं त्यानं सांगितलं. पाळकसाहेबांनी ते वेदीवरून मंडळीला ऐकवलं आणि देवाचे आभारही मानले. त्या दिवशी आईचा चेहरा किती उजळला होता, ते आठवलं की आजही माझा जीव जळतो.

कापणीच्या सणाला ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून गेली. गाणं सुरू झालं, ती पुढे गेली आणि तिनं तांदूळ ओतला. मग सगळ्याजणी वाट बघत उभ्या राहिल्या. कुणीच पुढे सरकेना. ज्या त्या बाईनं आपली पुरचुंडी पदराखाली धरून गाणं मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. तळाशी पडलेल्या त्या एवढ्याशा तांदळावर पाळकसाहेबांनी हात धरून साऱ्या मंडळीच्या अर्पणासाठी आशीर्वाद मागितला.

दुपारी चर्चचा राखणदार टोपली घेऊन आमच्या दारी आला. आईचा तांदूळ त्यात तसाच होता. टोपलीही इथंच ठेवायला सांगितलंय, असं म्हणून तो खाली मान घालून गेला. मी रडायला लागले तर आई माझ्यावरच खेकसली, "कायले रडून रायली? जेवून घे."

पुढच्या रविवारी ती घरीच राहिली. बाबा एकटेच जायला निघाले. जाताना त्यांनी मडक्यातून तांदूळ काढला, आईला हात लावू न देता, स्वतःच्या हातानं, आणि रुमालात बांधून नेला.

दुपारी ते खुशीत परतले. त्यांना कारभारी नेमलं होतं. आईनं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि तिला सांगितलं की मंडळीनं नवी टोपली आणली आहे, बुरडानं चांगली घट्ट विणली आहे, आणि आज पहिला तांदूळ त्यांनी स्वतः ओतला.