नऊ नंबरचं पिंप

सहादू सुतारांबद्दल सांगायचं तर आधी माझा शहाणपणा सांगावा लागेल, त्याला इलाज नाही. १९८१ साली मी नाशिकजवळच्या एका लहानशा बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होतो. वय चोवीस, हातात बी.एस्सी.ची पदवी, आणि जगात कळण्यासारखं जे काही आहे ते आपल्याला कळून चुकलंय अशी पक्की समजूत. असली माणसं आजही मला दिसतात आणि मी त्यांच्याशी फार बोलत नाही.

आमच्या मालकांना एक खूळ लागलं होतं. सगळे काढतात तशी पिवळी बिअर काढायची नाही, गडद तपकिरी काढायची, आणि ती स्टीलच्या टाकीत न ठेवता चार-सहा महिने लाकडात मुरवायची. "लोणचं मुरतं, मग बिअरनं काय घोडं मारलंय?" असं ते म्हणायचे. बंद पडलेल्या एका दारूच्या कारखान्यातून त्यांनी ओकच्या लाकडाची बारा जुनी पिंपं उचलून आणली. ती आणली मार्चमध्ये आणि टाकली आवारात, उघड्यावर. नाशिकच्या उन्हानं दोन महिन्यांत आपलं काम केलं. पाणी भरून पाहिलं तर एकाही पिंपात तांब्याभर पाणी टिकेना. फळ्या आक्रसल्या होत्या, लोखंडी पट्टे हातानं फिरत होते, आणि नऊ नंबरचं पिंप तर नुसता फळ्यांचा ढीग झालं होतं. मी अहवाल लिहिला, की ही पिंपं बंबात घालायच्या लायकीची आहेत.

तेव्हा आमचे स्टोअरकीपर निवृत्ती गांगुर्डे यांनी सहादूंचं नाव काढलं. सहादू दिंडोरीचे. घरात तीन पिढ्या बैलगाडीची चाकं करण्याचा धंदा. पण गावोगाव रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाला कुणी विचारेना. दोन वर्षांत त्यांच्या हातून एक चाक झालं नव्हतं. पन्नाशी उलटलेला हा माणूस खाटांचे पाय ठोकायचा आणि लोकांच्या दारांना बिजागऱ्या बसवायचा.

ते आले, पिंपांभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेरानं चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमचंच काम हाय. चाकाला एक धाव, ह्याला सहा. येवढाच फरक."

धाव म्हणजे चाकाची लोखंडी कड. ती तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि लाकूड घट्ट धरतं. पिंपाच्या पट्ट्यांचं तंत्र तेच, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

मालकांनी त्यांना स्पष्टच सांगितलं. फेब्रुवारीत मुंबईहून चव घेणारे गृहस्थ येतील. त्यांनी बिअर पास केली तर पिंपं राहतील आणि सहादू कायमच्या नोकरीवर राहतील. नापास केली तर पिंपांना आणि सहादूंना, दोघांनाही रजा. सहादूंनी मान डोलावली. मग बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खाटंचे पाय ठोकून ठोकून हात काम इसरत चाललाय, साहेब. येवढं एक जमलं पायजे." मी घड्याळ पाहिलं. त्या वेळी मी असाच होतो.

त्यांनी पिंपं आठ दिवस पाण्यात भिजत ठेवली, मग एकेक पट्टा तापवून चढवला. ऑगस्टपर्यंत बाराही पिंपं पाणी धरू लागली. सगळ्यात शेवटी त्यांनी नऊ नंबरचं घेतलं, आणि ते सुट्या फळ्यांतून नव्यानं उभं केलं. आम्ही सगळ्यांत बिअर भरली. पंधरा दिवसांनी मी नमुने काढले. अकरा ठीक होते. नऊ नंबरच्या ग्लासात फेसाचा पत्ता नव्हता, वर तेलाचा तवंग, आणि वास असा की मला शिसारी आली.

मी सहादूंना बोलावलं. ते निवांतपणे म्हणाले, "करंजाचं त्याल हाय ते. चाक झालं का त्याला त्याल पाजायचं, तवाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, असा आमच्यात रिवाज हाय. ह्ये बिचारं लय मोडलं व्हतं, म्हनून आतून पाजलं. पोटभर."

बिअरला तेलाचा थेंब चालत नाही, फेस जागच्या जागी मरतो. हे मी त्यांना शांतपणे सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी आवारातल्या वीस माणसांसमोर बापाच्या वयाच्या त्या माणसाला अरे-तुरे करून झापलं, पिंप रिकामं करायला लावलं आणि खडूनं त्याच्यावर हातभर लांब फुली मारली. सहादूंनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि ते पिंप मागच्या शेडमध्ये लोटत नेलं.

दुसऱ्या दिवशी मागून धूर येताना दिसला म्हणून मी धावत गेलो. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं होतं. आतलं तेल प्यायलेलं लाकूड वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासणीनं, नखभर तासून काढलं होतं, आणि ओकच्याच कोऱ्या, बिनतेलाच्या ढलप्यांची शेगडी पिंपाच्या मधोमध ठेवून ते बाहेरून पाणी मारत बसले होते. मी म्हणालो, आता तर ते जळकंही होईल. ते म्हणाले, "जाळायचं नाय साहेब, भाजायचं. भाकरीवानी. घरधनीन भाकरी करपू देती का?" दर थोड्या वेळानं ते आत हात घालून लाकूड चाचपायचे आणि हुंगायचे. मी कपाळावर हात मारून निघून आलो. टाकीत उरलेली बिअर मालकांच्या परवानगीनं त्यांनी त्या पिंपात भरून घेतली. माझी फुली मात्र कुणी पुसली नाही.

फेब्रुवारीत चव घेणारे मेहेरजी आले. सत्तरीचे पारशी गृहस्थ, पांढरा कोट, आणि चेहरा असा की यांना आयुष्यात काही आवडलं असेल की नाही शंका यावी. मी टेबलावर ग्लास मांडले. दारात सहादू उभे होते. त्यांनी तिथूनच मोजले.

"अकराच हायेत."

मी न ऐकल्यासारखं केलं. ते आत आले आणि मालकांना म्हणाले, "बारावं बी माझ्याच हातचं हाय. वाईट निगालं तर आजच्या आज दिंडोरीची एस्टी धरतो, परत तोंड दाखवनार नाय. पन त्याचा गिलास मांडा." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं बारावा ग्लास भरून आणला. त्याच्यावर दोन बोटं फेस उभा होता, आणि तो खाली बसत नव्हता.

मेहेरजी प्रत्येक ग्लास हुंगायचे, एक घोट तोंडात घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे. पहिला ग्लास, "ठीक." दुसरा, "ठीक." पाचवा, "जरा पातळ." अकरापर्यंत असंच चाललं, आणि मालकांचा चेहरा उतरत गेला. नुसत्या "ठीक"साठी कुणी बारा पिंपं पाळत नाही. मग त्यांनी शेवटचा ग्लास उचलला. हुंगला. घोट घेतला, घोळवला. बादली समोर होती. ते थुंकले नाहीत. त्यांनी घोट गिळला, दुसरा घेतला, तोही गिळला, आणि मग सावकाश सगळा ग्लास संपवला.

"भाजलेलं धान्य, थोडा गूळ, आणि मागून लाकूड," ते म्हणाले. "हे पिंप कुणी केलं?"

मालकांनी सहादूंकडे बोट केलं. मेहेरजी उठले, त्यांनी सहादूंचा हात हातात घेतला आणि स्वतः ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. सहादूंनी बिअर कधी घेतली नव्हती. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. आता हे तोंड वाकडं करणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला नजर काढवेना.

"धाव चढवतानाचा वास हाय ह्यो," ते म्हणाले. "लाल धाव लाकडावर बसली का लाकूड जरासं करपायचं, आन वरून पानी पडलं का वाफ उठायची. तीच वाफ. मला वाटलं व्हतं, आता ह्यो वास काय परत येत नाय."

मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येणार नाही. मालकांनी तिथल्या तिथे निवृत्तींना नोकरीचा कागद आणायला पाठवलं. मी खिशातून रुमाल काढला आणि मागच्या शेडकडे निघालो. नऊ नंबरच्या पिंपावरची फुली पुसायला वाकलो तर मागून सहादूंचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या साहेब."

त्यांनी जमिनीवर पडलेला खडूचा तुकडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ऱ्हायलेल्या अकरांवर बी मारा. उद्यापासून त्यांनाबी तासून भाजायचंय."

मी एकेका पिंपापाशी गेलो आणि अकरांवरही फुल्या मारल्या, हातभर लांब. सहादूंनी बाही वर सारली, पहिल्या पिंपातली बिअर टाकीत काढली आणि ते शेडकडे लोटायला घेतलं. दुसरीकडून मी हात लावला.