सोनारीचा लाल लसूण

नात परसात सोनारीचा लाल लसूण लावत होती. फोडलेल्या गड्डीचा वास आला आणि मला तिच्या तान्हेपणीचा तो दिवस आठवला.

तेव्हा ती दहा दिवसांची होती. छाती घरघरत होती, ओठ निळे पडत होते. तुळजापूरहून दवाखान्याची गाडी निघाली होती. शेजारच्या काकू ओरडल्या, "तेलात लसूण तापवा, पोरगी लई गार पडलीय!"

घरात फक्त याच लाल लसणाच्या बियाण्याची शेवटची गड्डी टांगलेली होती. मी हात वर नेला, तो तिथंच थांबला. "दुकानातनं आणते," म्हणाले. पाच मिनिटांचा तर प्रश्न! बाळंतीण लेक बघत होती.

नात दवाखान्यात वाचली.

"आज्जी, हे बी इतकी वर्षं कसं राखलंस गं?" तिनं विचारलं.

लेक मागंच उभी होती. मी मान वर केली नाही.