नावाड्याचा झगा

सिनेमा लागायला अजून महिना होता, पण अल्टरेशनच्या त्या अरुंद दुकानात तो आधीच येऊन ठेपला होता. पँटी आखूड करणं नि शर्ट सैल करणं बाजूला ठेवून दुकानदारीण झगे शिवत होती. घोट्यापर्यंतचे, टोपीवाले, धुक्याच्या रंगाचे. तीन भागांच्या एका गाजलेल्या अद्भुत कादंबरीवर सिनेमा येतोय आणि पहिल्या दिवशी पात्रांच्या वेशात जायचं वाचकांनी ठरवलंय.

खिडकीजवळच्या स्टुलावर तिचे सासरे बसतात. उभा जन्म एका सरकारी इमारतीत लिफ्ट चालवण्यात गेला, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना लिफ्टकाका म्हणतात. आता त्यांना माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी मशीन बंद झालं की सून त्यांना ती कादंबरी वाचून दाखवायची. त्यातला धुक्याच्या तळ्यावरचा म्हातारा नावाडी त्यांनी लगेच आपला मानला.

"आपल्याच लायनीतला माणूस. सगळ्यांना पोचवायचं आणि आपण तिथल्या तिथं."

दुसऱ्या भागाच्या मध्यावर तळं फुटतं. शेवटचं पोर काठावर उतरेपर्यंत नावाडी होडी धरून ठेवतो आणि बुडतो. वाचन तिथवर आलं आणि सासूबाई गेल्या. बरेच दिवस पुस्तक तसंच पडून राहिलं. मग एकदा सासरेच म्हणाले, "वाच गं. बघू, आपला नावाडी काय करतोय."

सुनेनं पान पाहिलं आणि नावाड्याला एका फांदीच्या आधारानं काठावर आणलं.

खरी पंचाईत पुढं झाली. पुस्तकात नसलेला माणूस उरलेल्या दीड भागात सांभाळायचा होता. तिनं त्याला लढाईवर नेलं, राणीशी भांडायला लावलं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा सलग काही प्रकरणं झोपवून ठेवलं.

"दमला असेल," सासरे समजुतीनं म्हणाले.

नवऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं, "हे तुझ्या अंगाशी येणार बघ."

आलंच. कॉलेजातली एक मुलगी कापड घेऊन आली. "मावशी, नावाड्याचा झगा हवाय. डावी बाही फाटकी ठेवा हं, तो शेवटी जेव्हा..."

"आधी माप घेऊ," म्हणत दुकानदारिणीनं टेप तिच्या गळ्याभोवती टाकला. "हात वर कर. बोलू नकोस, माप चुकतं."

लिफ्टकाका खूश. "नावाड्याचा? वा! आम्हीही येणार पहिल्या दिवशी. तो राणीला कसा सुनावतो, ते मला बघायचंय."

मुलगी हात वर धरून त्यांच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून सुनेनं सांगून टाकलं. "बाबा, नावाडी तळ्यातच जातो. पुढचं सगळं मी रचलंय."

"राणीशी भांडण?"

"मीच."

"झोपून होता ते?"

"तेव्हा मला काही सुचत नव्हतं."

म्हातारे हसले नाहीत. "मला कुक्कुलं बाळ समजलीस," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणं बंद. घरी तिनं जेवायला हाक मारली की मुलाला सांगायचे, "तिला म्हणावं, येतोय."

आठवडाभरानं स्वतःच स्टुलावर येऊन बसले. "खरं काय ते वाच."

तिनं वाचलं. मध्ये एकदा थांबावं लागलं.

"पोर उतरलं ना?"

"उतरलं."

"मग त्याचं बरोबर आहे. आधी होडी सोडून चालत नाही." ते सुनेकडे वळले. "त्या वेळी हे वाचलं असतंस, तर पुस्तक मिटायला लावलं असतं मी. पुन्हा उघडू दिलं नसतं."

झगा न्यायला मुलगी आली. अंगात घालून आरशासमोर उभी राहिली, फाटकी बाही चाचपली, नि तिचे डोळे भरले. "सिनेमा लागायचाय अजून, तर माझी ही गत. तिथं काय होणार माझं?"

"रडायचं तितकं रड," लिफ्टकाका म्हणाले. "मग इकडं ये."

"इकडं कशाला?"

"आमच्याकडे तो जिवंत आहे. हिला विचार." त्यांनी हनुवटीनं सुनेकडे खूण केली. "फक्त मध्ये जरा जास्त झोपतो."

"बाबा!" सून म्हणाली, आणि वाकून झग्याची खालची दुमड नीट करू लागली.